आभाळातला मामा तलाव

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शाळेत असताना घरातला रेडिओ लावला की निवेदक आधी आकडे सांगायचा. मध्यम लहरी ५१२.८ मीटर, म्हणजेच ५८५ किलोहर्ट्झवर हे आकाशवाणीचं नागपूर केंद्र आहे. पाढ्यांसारखे हे आकडे आम्हाला पाठ होते. त्यांचा अर्थ कुणी विचारला नाही आणि कुणी सांगितलाही नाही. खरं तर तो त्या केंद्राचा आभाळातला पत्ता होता. रेडिओची लहर एका सेकंदात किती वेळा हेलकावते ते किलोहर्ट्झ सांगतात, आणि एका हेलकाव्याची लांबी किती ते मीटर सांगतात. लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. तीन लाखांना ५८५ नं भागा, ५१२.८ येतात. एकच गोष्ट दोन प्रकारे सांगितलेली.

आज ज्या आकड्यांबद्दल बोलायचं आहे, ते कुठल्या आकाशवाणी केंद्राचे नाहीत. ते पृथ्वीभोवती फिरणाऱ्या काही लहान उपग्रहांचे आहेत. या उपग्रहांवरून बातम्या येत नाहीत, मालिका येत नाहीत. परवाना असलेला कुणीही साधा माणूस आपल्या घरातून त्यांच्याकडे आवाज पाठवतो आणि तो आवाज हजारो किलोमीटर दूर दुसऱ्या कुणाच्या तरी खोलीत उतरतो. हे हौशी रेडिओवाले, जगभर त्यांना 'हॅम' म्हणतात. आपल्या देशात केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हा परवाना मिळवावा लागतो. धंद्याची बोलणी तिथं चालत नाहीत, गाणी वाजवता येत नाहीत, गुप्त भाषेत बोलता येत नाही. म्हणजे कवीला आणि व्यापाऱ्याला सारखीच अडचण.

मी कलाशाखेचा पदवीधर. अभियांत्रिकी शिकलेल्या माझ्या भाच्यानं वहीत आकडे मांडून हे सगळं मला समजावलं, आणि शहापुरातल्या आमच्या गच्चीवर उभं करून ऐकवलंही. (शहापूर म्हणजे ठाणे जिल्ह्यातलं नव्हे, भंडारा जिल्ह्यातलं, नागपूर-भंडारा महामार्गावरचं.) मला जेवढं कळलं तेवढंच सांगतो.

हॅम मंडळींचा पहिला उपग्रह १२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतून उडाला. नाव ऑस्कर-१. वजन साडेचार किलो, म्हणजे आपल्याकडच्या एका पायलीभर तांदळाच्या आसपास. एका मोठ्या उपग्रहाबरोबर रॉकेटमध्ये तोल सांभाळायला जे वजन ठेवतात, त्याच्या जागी त्याला बसवून नेलं होतं. १४५ मेगाहर्ट्झच्या जरासं खाली तो मोर्स लिपीत दोनच अक्षरं पाठवत राही: चार ठिपके, दोन ठिपके. 'हाय'. तारयंत्राच्या भाषेत या अक्षरांचा एक अर्थ हसणं असाही आहे. उपग्रहाच्या पोटात उष्णता वाढली की 'हाय'चा वेग बदलायचा, आणि त्यावरून खालचे लोक आतलं तापमान काढायचे. जेमतेम तीन आठवडे तो बोलला. तेवढ्यात २८ देशांतल्या ५७० हून अधिक हॅमनी तो ऐकल्याचं कळवलं. हसण्याच्या लयीवरून प्रकृती ओळखणं ही हकिमाची विद्या. ती आभाळात अशी वापरली गेली याची मला मोठी मौज वाटते.

पण ऑस्कर-१ नुसता बोलत होता, ऐकत नव्हता. ऐकलेलं परत सांगणारं जे यंत्र, त्याला ट्रान्सपाँडर म्हणतात. आपल्या देशाचा असा उपग्रह म्हणजे इस्रोचा हॅमसॅट. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ या रॉकेटनं कार्टोसॅट-१ बरोबर तो वर नेला. कार्टोसॅट दीड हजार किलोंच्या वरचा, आणि हा साडेबेचाळीस किलोंचा. त्यात दोन ट्रान्सपाँडर होते. एक भारतीय हॅमनी बांधलेला, दुसरा नेदरलँड्समधल्या व्हेन्लो इथं अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका हॅमनं बांधलेला. जमिनीपासून सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास उंचीवरून, उत्तर-दक्षिण ध्रुवांवरून जाणाऱ्या वाटेनं, सुमारे ९७ मिनिटांत तो पृथ्वीला एक फेरी घालत असे.

आता त्याचे आकडे. आपण बोलायचं ४३५.२२० ते ४३५.२८० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि ऐकायचं १४५.८७० ते १४५.९३० मध्ये. पहिला प्रश्न असा की जाण्याची वाट वेगळी आणि येण्याची वेगळी, हे कशासाठी? उपग्रहाकडे असते एखाद्या वॅटची ताकद, आणि हजार किलोमीटरवरून आपल्यापर्यंत येईतो त्यातला लाख कोटीवा हिस्साही उरत नाही. खालून पोचणारा आवाजही असाच क्षीण. ज्या क्षणी उपग्रह बोलतो त्याच क्षणी त्याला ऐकायचंही असतं. दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीवर केलं तर ढोल बडवणाऱ्यानं त्याच वेळी कानातली कुजबुज ऐकण्यासारखं होईल. म्हणून दोन वाटा, आणि त्या एकमेकींपासून चांगल्या लांब. जाण्याची लहर सुमारे सत्तर सेंटीमीटर लांबीची, येण्याची दोन मीटरची.

मग खालून वर चढायला सत्तर सेंटीमीटर आणि वरून उतरायला दोन मीटर, हेच का? उलट का नाही? साधे, सगळ्या दिशांना पसरणारे अँटेना असले तर लांब लहर त्याच अंतरात कमी झिजल्यासारखी वागते. आपल्या घरात वीज आहे, जोर वाढवता येतो. उपग्रहाला उन्हावर जगायचं आहे. म्हणून सोपी वाट दुबळ्याला दिली. उलट मांडणीचे उपग्रहही आहेत, पण मला हा विचार फार सुरेख वाटला.

ट्रान्सपाँडर आवाज समजून घेत नाही, हे ध्यानात ठेवावं लागतं. कुठली भाषा, कोण बोलतंय, त्याला पत्ता नसतो. साठ किलोहर्ट्झ रुंदीची आभाळाची एक पट्टी तो उचलतो आणि जशीच्या तशी दुसरीकडे ठेवतो. जशीच्या तशी म्हणजे, हॅमसॅटच्या बाबतीत, आरशातल्यासारखी उलटी. तुम्ही ४३५.२५० वर बोलला तर तो आवाज १४५.९०० वर उतरणार. ४३५.२३० वर बोलला तर १४५.९२० वर. बोलण्याचा आकडा चढला की ऐकण्याचा उतरतो. दोघांची बेरीज मात्र नेहमी ५८१.१५०. भाच्यानं वहीत हे लिहिलं तेव्हा मला गझलेतल्या शेराची आठवण झाली. मिसरे दोन, पण वजन ठरलेलं.

ही उलटापालट गमतीसाठी केलेली नसते. आमच्या घरापासून महामार्ग जवळ आहे. हॉर्न वाजवत येणारा ट्रक जवळ येताना त्याचा सूर चढा लागतो आणि पुढे गेला की एकदम उतरतो. ट्रकचा वेग तो काय! उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो. त्यामुळे ४३५ मेगाहर्ट्झची लहर क्षितिजावर असताना दहा किलोहर्ट्झपर्यंत सरकते आणि १४५ची सुमारे साडेतीन. माणसाच्या बोलण्याला इथं जेमतेम तीन किलोहर्ट्झ जागा लागते. म्हणजे दहा सरकणं हे शेजाऱ्याचंही घर ओलांडून पुढच्या घरात जाणं. पट्टी उलटी केली की चढताना झालेली सरक आणि उतरताना झालेली सरक एकमेकींच्या विरुद्ध पडतात, आणि त्यांची बेरीज न होता वजाबाकी होते. उरलेली साडेसहाएक किलोहर्ट्झ माणसानं बोटानं सावरायची. उपग्रह डोक्यावरून जात असताना हॅमचा एक हात सारखा बटणावर असतो, तो याचसाठी.

आणि हे सगळं फार तर पंधरा मिनिटांत. क्षितिजावर उगवला, माथ्यावर आला, मावळला. कधी उगवणार याचा हिशेब आता सेकंदापर्यंत होतो. ईदच्या चंद्राचाही हिशेब आज कुणीही मोबाइलवर काढू शकतो, तरी आम्ही गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे बघत उभे राहतोच. दिसल्याची साक्ष हवी असते. हॅमचंही तसंच. आकडेमोड झाली तरी पहिला आवाज कानावर पडेपर्यंत कुणी बसत नाही. तेवढ्या वेळात उपग्रहाच्या नजरेखाली सुमारे पाच हजार किलोमीटर रुंदीचं वर्तुळ असतं. हॅमसॅट भंडाऱ्यावर आला की काश्मीर आणि कन्याकुमारी एकाच वेळी त्याच्या छताखाली.

आता खरी गोष्ट. साठ किलोहर्ट्झमध्ये तीन-तीनची घरं पाडली तर हिशेबानं वीस जण एका वेळी बोलू शकतात. पण वीज सगळ्यांत मिळून एकच. हे आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा. जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव आमच्याकडे आहेत, माजी मालगुजारी म्हणून त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. धान निसवायच्या वेळी पाऊस दडी मारतो, तेव्हा या तलावाचं पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत सोडत नेतात. तलावाजवळच्यानं धुरा फोडून गरजेपेक्षा जास्त पाणी ओढलं, की शेवटच्या टोकाची बांधी कोरडी. तलाव कुणाच्या बापाचा नसतो, आणि म्हणूनच त्याची भांडणं पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

ट्रान्सपाँडर हा असाच तलाव आहे. वर पोचणारे सगळे आवाज एकत्र करून तो ते वाढवतो, आणि त्याची वाढवण्याची ताकद ठरलेली असते. एखाद्यानं मोठा अँटेना आणि शेकडो वॅटचा जोर लावून हाक मारली, तर यंत्र स्वतःला सांभाळण्यासाठी सगळ्यांचाच आवाज खाली आणतं. जोरात बोलणारा मजेत ऐकू येतो. बाकीचे, ज्यांनी पाच-दहा वॅटवर, घरी वाकवलेल्या तारेच्या अँटेनावर मेहनतीनं आवाज पोचवलेला असतो, ते बुडून जातात. त्यांना कुणी हाकललेलं नसतं, भांडण झालेलं नसतं. ते नुसते ऐकू येईनासे होतात. अन्यायाचा हा प्रकार मला फार ओळखीचा वाटतो.

म्हणून हॅम जगात एक रीत आहे. उपग्रहाचा स्वतःचा एक संकेत सारखा चालू असतो, त्याला बीकन म्हणतात. परत येणारा आपला आवाज त्या बीकनपेक्षा मोठा असता कामा नये. मोठा वाटला तर आपला जोर कमी करायचा. हे ओळखण्यासाठी बोलता बोलता स्वतःचा परतलेला आवाज ऐकावा लागतो. दोन वाटा वेगळ्या असल्याचा हा आणखी एक फायदा. आपण बोलतो तेव्हा दुसऱ्यांना किती जागा उरते, हे बोलणाऱ्याला त्याच क्षणी कळतं. ही सोय आमच्या कविसंमेलनांतल्या ध्वनिक्षेपकावर कधी येईल?

हॅमसॅट दोन वर्षं चालावा असं ठरवून बांधला होता. तो नऊ वर्षं चालला. जुलै २०१४ मध्ये त्याच्या बॅटऱ्या गेल्या आणि तो गप्प झाला. त्याच्यापुरतं सांगणं एवढंच.

बॅटरी जाणं म्हणजे शेवट, असं मात्र प्रत्येक वेळी होत नाही. एओ-७ नावाचा हॅम उपग्रह १५ नोव्हेंबर १९७४ रोजी वर गेला. वजन सुमारे २९ किलो, उंची साडेचौदाशे किलोमीटरच्या घरात. १९८१ च्या मध्यावर त्याच्या बॅटरीत शॉर्ट सर्किट झालं आणि तो बंद पडला. पॅनेलवर पडणाऱ्या उन्हाची सगळी वीज त्या बिघाडात जिरत होती. लोकांनी त्याचं नाव मेलेल्यांच्या यादीत टाकलं. पुढे २१ जून २००२ रोजी इंग्लंडमधल्या एका हॅमला ओळखीचा मोर्स कानावर पडला. एकवीस वर्षांनी! झालं होतं ते असं, की ज्या बिघाडानं वाट अडवली होती तो जोडच केव्हातरी तुटला. बॅटरी कायमची बाहेर पडली आणि उन्हाची वीज थेट यंत्राला मिळू लागली. तेव्हापासून एओ-७ उन्हात जागा असतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की झोपतो. जागा झाला की मागचं काही त्याच्या लक्षात नसतं, दोनपैकी कुठल्या पद्धतीनं बोलेल याचाही भरवसा नाही. २०२४ मध्ये त्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली, तेव्हाही तो बोलत होता. या म्हाताऱ्यापुढे आवाज चढवला तर काय होतं? त्याच्याकडे साठवलेली वीज नाही. कुणी जोरात हाक मारली की त्याचा दाब पडतो, आणि त्या वेळी बोलणाऱ्या सगळ्यांचाच सूर थरथरायला लागतो. हॅमसॅटवर उद्धटपणा निदान लपून राहू शकत होता. इथं तो सगळ्या जगाला ऐकू येतो.

सगळे हॅम उपग्रह असे तलावासारखे नसतात. काहींवर एफएम रिपीटर असतो. त्यात एका वेळी एकच आवाज मावतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०२० मध्ये असा रिपीटर सुरू झाला. त्यासाठी बोलायचं १४५.९९० वर आणि ऐकायचं ४३७.८०० मेगाहर्ट्झवर. बोलताना आवाजाखाली ६७ हर्ट्झचा एक बारीक सूर सोडावा लागतो. ती दाराची कडी. ती वाजली तरच दार उघडतं. स्वस्तातला, हातात मावणारा संचही इथं चालतो, त्यामुळे नवशिक्यांची गर्दी याच दारावर. एफएमचा स्वभाव असा की दोघे एकदम बोलले तर ज्याचा जोर जास्त तोच ऐकू येतो. म्हणून इथली रीत वेगळी: आपलं नाव आणि ठिकाण सांगायचं, उत्तर घ्यायचं आणि बाजूला व्हायचं. गप्पा नाहीत.

या फ्रिक्वेन्सी हॅमच्या मालकीच्या आहेत का? आंतरराष्ट्रीय करारानुसार १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा हौशी रेडिओला दिलेला आहे. ४३५ ते ४३८ मध्ये मात्र हौशी उपग्रह पाहुण्यासारखे. मूळ वापर करणाऱ्यांना त्रास होणार नाही, या अटीवर राहायचं. आणि त्यातल्या त्यात कुठल्या उपग्रहानं कुठं बोलायचं हे हॅमच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतले स्वयंसेवक ठरवून देतात.

आपल्या महाराष्ट्राच्या मुलांनीही याच पट्ट्यांत काम केलं आहे. पुण्याच्या सीओईपी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. तळहातावर मावणारा, किलोभराचा. दिशा सांभाळायला त्याला वीज लागत नव्हती; पोटात चुंबक होता आणि तो पृथ्वीच्या चुंबकत्वाशी जुळवून घेत होता. एका ठिकाणचा निरोप पोटात ठेवून दुसऱ्या ठिकाणी उतरवायचा, म्हणजे थेट पोस्टमनचं काम, त्याच्याकडे दिलं होतं. तीनच महिन्यांनी, २६ सप्टेंबर २०१६ रोजी, मुंबईच्या आयआयटीचा 'प्रथम' गेला. त्यामागची कल्पना मला विशेष आवडली. आपल्या वातावरणाच्या वरच्या थरात मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा एक पडदा आहे. त्यातून येताना रेडिओची लहर पीळ घेते, आणि लांब लहर जास्त पीळ घेते. 'प्रथम'वरून १४५ आणि ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपास दोन संकेत सोडायचे, खाली दोघांचा पीळ मोजायचा आणि त्यांच्या फरकावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन होते ते काढायचं. दोन साक्षीदारांच्या जबानीतल्या फरकावरून घटना शोधावी तसं.

त्यानंतर आणखी एक वाट निघाली. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झाल्यावर वर नुसताच फिरत राहतो; त्यालाच काही काळ उपग्रहासारखं वापरायचं. १ एप्रिल २०१९ च्या उड्डाणात अशा टप्प्यावर भारतीय हॅम संघटनेचं निरोप पोचवणारं यंत्र होतं. १ जानेवारी २०२४ च्या उड्डाणात मुंबईच्या के. जे. सोमय्या तंत्रज्ञान संस्थेचं हॅम मंडळींसाठीचं यंत्र होतं. तो टप्पा त्याच वर्षी २१ मार्चला वातावरणात परतला. आयुष्य थोडं, पण खर्चही थोडा.

शेवटी ज्याच्यासाठी गच्चीवर धावावं लागत नाही तो उपग्रह. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी कतारचा एस्हेल-२ हा दूरचित्रवाणीचा उपग्रह वर गेला. त्यावर हॅमसाठी जागा ठेवली होती. तिला क्यूओ-१०० म्हणतात. हा ३६ हजार किलोमीटरवर, पृथ्वीबरोबर फिरणारा, म्हणून आपल्याला एकाच जागी थांबलेला. ब्राझीलपासून थायलंडपर्यंतची माणसं एकाच वेळी तिथं जमतात. बोलायचं २४०० मेगाहर्ट्झच्या थोडं वर, ऐकायचं १०४८९.५ पासून पुढे. अंतर इतकं की आपलाच आवाज पाव सेकंदानं परत येतो; बोलणारा सुरुवातीला अडखळतोच.

इथं बीकनची रीत सांभाळायला एक राखणदार बसवला आहे. जमिनीवरचं एक यंत्र सगळी पट्टी पाहत असतं. कुणी ठरल्यापेक्षा जोरात बोललं, की बरोबर त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर ते भोंगा वाजवतं, जोर कमी करेपर्यंत. जर्मन शब्दांची अक्षरं जुळवून त्याला नाव दिलं आहे लैला. मजनूला दगड मारणारे पुष्कळ झाले. आवाज चढवला म्हणून स्वतः लैलाच ओरडते, हे कुठल्या दिवाणात मी वाचलं नव्हतं.

ऐकायला लागणारं सामान आपल्या ओळखीचं आहे. डिश टीव्हीसारखी तबकडी आणि तिच्या तोंडाशी बसणारा, एलएनबी म्हणतात तो डबा. हा डबा आलेल्या आकड्यातून ९७५० वजा करून तारेतून खाली पाठवतो. १०४८९.५ मधून ९७५० गेले की उरतात ७३९.५ मेगाहर्ट्झ, आणि तेवढं संगणकाला जोडायच्या बोटभर रिसीव्हरला ऐकू येतं. शहापूरहून दिशा सांगायची तर आमची नमाजाची जी दिशा, तिच्याकडून वीसेक अंश दक्षिणेकडे वळायचं आणि तबकडीची नजर क्षितिजापासून सुमारे पंचवीस अंश वर ठेवायची. त्या बाजूला नारळाचं झाड किंवा शेजाऱ्याची पाण्याची टाकी नसली म्हणजे झालं.